आधी तास मोजा



सॉफ्टवेअरबद्दल बोल, असं संयोजकांनी सांगितलं होतं. पण आपल्या शाळेतून अलीकडे बाहेर पडलेल्या मुली मला फोन करतात तेव्हा प्रश्न वेगळाच असतो. "ताई, सामाजिक संस्थेत पहिलीच नोकरी मिळतेय. तासावर पैसे देणार आहेत. जास्त मागितले तर बरं दिसेल का?"

मी सांगते, जरूर मागा. पण आधी तास मोजा.

आपल्या बेलापुरात कांदा काढायला जाणाऱ्या बायका वावरात पाय ठेवण्याआधीच विचारतात: रोजाने की उक्तं? गाडी कोणाची? सुट्टी किती वाजता? शिकलेली मुलगी मात्र 'सेवेचं काम' म्हटलं की गप्प बसते.

परवा अशाच एकीशी फोनवर हिशेब मांडला. मुलांना संगणक शिकवायचा, तासाला 150 रुपये, रोज तीन तास. झाले 450. पण हजेरी, फोटो आणि अहवालात एक तास जातो, जाण्यायेण्यात आणखी एक. पाच तासांचे 450, म्हणजे तासाला 90 रुपयेच. त्यातून एसटीचं भाडं वजा! गुरुजनांपैकी ज्यांनी तासिका तत्त्वावर सुरुवात केली, त्यांना पेपर तपासण्याचा वेळ कुठे जातो हे सांगायला नको.

तिला म्हटलं, दरावर अडून बसू नकोस. देणगीदाराने मंजूर केलेल्या प्रकल्पात तो बहुतेकदा आधीच ठरलेला असतो. अहवालाचा तास आणि प्रवासखर्च माग, आणि ठरेल ते पत्रावर घे. दर तोच राहिला, पण चार तासांचे 600 आणि वर भाडं मिळालं.

'मानधन' या शब्दानेही दबू नका. 25 एप्रिल 2022 रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंगणवाडी सेविका आणि मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. त्यांचं मानधन म्हणजे वेतनच, असं न्यायालयाने धरलं. म्हणून त्यांची सेवा काही कमी झाली नाही.

आता थोडं आपल्या वयाच्या मंडळींना. आपल्यातले काही जण आज संस्थांचे विश्वस्त आहेत. समोरच्या मुलीने पैशांचं विचारलं, तर "समाजसेवेला आलीस ना?" असं म्हणू नका. तसं म्हटलं की घरचं बरं असलेलीच टिकते. आपल्यासारख्या घरातली, वस्तीतल्या मुलांना जवळची वाटणारी मुलगी सहा महिन्यांत सोडून जाते. त्यात नुकसान संस्थेचंच आहे.