बोटावरची तार



अकलूजला बोलावलंय म्हटल्यावर घरी सगळ्यांना इथल्या लावणी स्पर्धेचंच आमंत्रण वाटलं. पण साखरेच्या माणसाला बोलायला हे गाव चांगलं. १९३२ साली साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा आला आणि त्याच दशकात सासवडकडच्या माळी शेतकऱ्यांनी इथून जवळ माळीनगरला स्वतःचा कारखाना उभा केला. ऊस लावणारी माणसं कारखानदारी शिकली. शिकण्याची गोष्ट काढायला मला एवढं निमित्त पुरे आहे.

मी पॅनवर, म्हणजे सिरप आटवून साखरेचा दाणा धरायच्या भांड्यावर, हेल्पर म्हणून लागलो तो कारखाना आता उभा नाही. नाव घेत नाही, तुमच्यातले चौघे-पाच जण ओळखतीलच. आमचे म्हातारे पॅनमन सिरप दाट होत आलं की प्रूफ स्टिकनं थेंब काढायचे, अंगठा आणि तर्जनीत धरून बोटं हळूच उघडायचे. तार कुठं तुटते ते बघायचं आणि दाणा धरायची वेळ ठरवायची. मग नमुना काचेवर पसरून बल्बपुढे धरायचा. नको तो बारीक दाणा दिसला की पाणी सोडून तो विरघळवायचा. तीन हंगाम गेले तेव्हा माझ्या बोटांना ती तार कळायला लागली.

पुढं कारखाना खंगत गेला. पगार थकले, त्याचा हिशेब युनियननं पै-पैचा ठेवला. आमचं शिकणं थकलं, ते कुणाच्या वहीत चढलं नाही. सुटे भाग येईनात म्हणून आम्ही जुन्या पंपाचे भाग नव्याला, नव्याचे जुन्याला बसवले. एक खरं, पडत्या कारखान्यात सगळं स्वतः उघडावं लागतं, त्यामुळं यंत्राची नस सापडते. पण ते यंत्र पंचवीस वर्षांपूर्वीचं असतं. जुगाडाला आम्ही हुशारी समजत राहिलो. त्यात भर म्हणजे हंगाम आखडत गेले. आता कित्येक ठिकाणी शंभर दिवसही गाळप होत नाही, नव्या पोरानं हात बसवायचा कधी?

एकदा दुसरीकडे मुलाखतीला गेलो. समोरच्या पोरानं विचारलं, “डीसीएसवर काम केलंय का?” डीसीएस म्हणजे पडद्यावरून यंत्रं चालवायची संगणक यंत्रणा. मी बोटं पुढं करून तार सांगायला लागलो. तो वाईट नव्हता, हसला नाही. पण नोकरी मिळाली नाही.

त्या ऑफ सीझनमध्ये पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमधला एक छोटा अभ्यासक्रम केला. बिनपगारी रजा टाकली. पगारच होत नव्हता, त्यामुळं फरक पडला नाही. पुढच्या हंगामात आमची पाळी सुटली की शेजारच्या कारखान्यातल्या ओळखीच्या ऑपरेटरमागे स्टूल टाकून बसायचो. पडद्यावर ब्रिक्सची, म्हणजे सिरपच्या दाटपणाची, रेघ चढायची आणि माझी बोटं आपोआप एकमेकांवर घासली जायची. रेघ अमुक ठिकाणी आली की तार कशी असेल, हे मी वहीत लिहून ठेवू लागलो. ती वही अजून आहे.

संचालक मंडळी म्हणतात, शिकवलं की माणूस पळतो. पळू द्या की! पगार थकवून त्याला धरून ठेवायचा हक्क तुम्हाला कुणी दिला? आणि कामगार मित्रांनो, दुसरीकडे अर्ज केला म्हणजे खाल्ल्या मिठाला जागलो नाही, असं मनात आणू नका. मीठ दोन्ही बाजूंनी खाल्लेलं असतं.

नवं शिकलं की सुटलो, असंही नाही. सिरप इथेनॉलकडे वळू लागलं, तेव्हा पॅनमनचे दिवस संपले म्हणून काही जणांनी डिस्टिलरीचं काम शिकून घेतलं. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्रानं रस आणि सिरप इथेनॉलसाठी वापरायला मनाई केली, आठ-दहा दिवसांत थोडी सैलही केली. सिरप पुन्हा साखरेकडं वळलं आणि त्या आठवड्यात मला दोन फोन आले : “काका, पॅनवर कोण आहे का हो?”

दुपारच्या सत्रात पडद्यावर एका पॅनचा आलेख दाखवणार आहेत. पॅनमन मंडळींनी पुढच्या खुर्च्या धराव्यात. दाणा नेमका कुठं धरायला हवा होता, ते आलेख थांबवून तुम्हाला विचारणार आहेत.