रुची

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेले भाषण)

मी भाषेचा पंडित नाही. डिप्लोमा करून रेल्वेच्या विद्युत विभागात लागलो आणि बदल्यांच्या निमित्ताने निम्मा देश पाहिला. त्यात एक शब्द जागोजागी भेटत राहिला, तो म्हणजे रुची.

उत्तरेत हिंदीत रुची म्हणजे आवड. बायोडाटात छंद लिहितात ते याच मथळ्याखाली. गाडी दक्षिणेत शिरली की कन्नड, तेलुगू, मल्याळममध्ये हाच शब्द जिभेवर येतो. तिथे रुची म्हणजे चव. बंगालीत माणसाची अभिरुची ती रुची, आणि आजाऱ्याच्या तोंडाला नसते तीही रुचीच. आपल्या मराठीने दोन्ही अर्थ सांभाळले. भाजी रुचकर होते आणि एखाद्याचे बोलणे आपल्याला रुचत नाही.

मुळात हा शब्द उजेडाचा आहे. पाणिनीच्या धातुपाठात 'रुच्' या धातूचे दोन अर्थ दिले आहेत: दीप्ती, म्हणजे प्रकाशणे, आणि अभिप्रीती, म्हणजे आवडणे. याच धातूपासून रुक्म, म्हणजे सोने, आणि रुक्मावरून रुक्मिणी. म्हणजे पंढरीची रखुमाई आणि आपल्या ताटातली रुची एकाच घरच्या! इंग्रजीतला 'लाइट'सुद्धा याच प्राचीन कुळातला. विजेवर काम करणाऱ्या माणसाला याचा आनंद होणारच. जे आपल्यापुढे उजळते, ते आपल्याला रुचते.

आता व्याकरण पाहा. 'मी खातो' यात कर्ता मी. 'मला रुचते' यात कर्ता तो पदार्थ. म्हणून 'खा', 'वाच', 'पाठ कर' असा हुकूम सोडता येतो. 'रुच' असा हुकूम कोणाला सोडणार?

हे सांगण्याचे कारण म्हणजे आपल्या बैठकीत दरवर्षी होणारी तक्रार: मुलांना मराठीत रुची नाही. आयुर्वेदात तोंडाची चव जाण्याला अरोचक म्हणतात. त्याच्या कारणांत शरीरातल्या दोषांबरोबर शोक, भय आणि क्रोधही सांगितले आहेत. भीतीने अन्नाची चव जाते, तर भाषेची का जाणार नाही? मूल हिंदी वळणाचे मराठी बोलले की आपण चारचौघांत हसतो, नाहीतर रागावतो. मग ते गप्प होते आणि पुढच्या वर्षी आपल्या नाटुकल्यात काम करायला येत नाही.

तेव्हा यंदा एवढेच करू या. चुका काढणे थांबवू. मोदक करताना मुलांना शेजारी बसवू. उकड, सारण, कळ्या हे शब्द त्यांच्या हाताला लागू देत. आरतीचा अर्थ सोपा करून सांगू. उजेड नेऊन ठेवणे आपल्या हाती आहे, रुचणे त्यांच्यावर सोडू.

गणपती बाप्पा मोरया!