चाकांची खुर्ची आणि आपला उंबरठा

(महिला मंडळाच्या वर्धापनदिनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाला काही गोडधोड विषयावर बोलावे असा प्रघात आहे. चिटणीसबाईंनी मला ‘आरोग्यावर बोला’ म्हणून सांगितले, तेव्हा त्यांच्या मनात बहुधा बाळाचा आहार असावा. मी आज निराळा विषय घेतला आहे. पाठीचा कणा दुखावून ज्यांचे पाय, कधी हातपाय दोन्ही, निकामी होतात, ती माणसे इस्पितळातून घरी परतल्यावर त्यांचे काय होते, आणि त्यात आपला हात किती असतो, हे मला सांगायचे आहे. परिचारिका म्हणून या भागातल्या वाड्यावस्त्यांवर मी बरीच वर्षे हिंडले, म्हणून हे धाडस करते.

हा प्रसंग कोणाच्या घरी येत नाही? चिंचा पाडताना फांदी मोडते, विहिरीच्या कामावर पाय घसरतो, माळवदावरून तोल जातो, ट्रॅक्टर उलटतो. आणि अलीकडे तर मोटारसायकली. सकाळी भाकरी खाऊन गेलेला धडधाकट माणूस संध्याकाळी ‘पाय माझे नाहीतच’ असे म्हणतो. आपल्या कण्याच्या मणक्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. जाडीने तो जेमतेम करंगळीएवढा. पण मेंदूचे सगळे निरोप त्याच्यातूनच खाली जातात आणि खालच्या वेदना त्याच्यातूनच वर येतात. मानेत तो दुखावला तर हातपाय दोन्ही जातात, पाठीत दुखावला तर पाय. लघवी-शौचावरचा ताबाही बहुधा जातो. शस्त्रक्रियेने मणका सावरता येतो. रज्जूला थोडी इजा असेल तर काही शक्ती परतही येते. पण पुरता तुटलेला रज्जू पूर्ववत जोडणारे औषध अजून कोणापाशी नाही. कोणी तेल, लेप, ताईत घेऊन दाराशी आला तर एवढे ध्यानात असू द्या.

ओघाने एक गोष्ट सांगून टाकते. असा पडलेला माणूस दिसला की चौघेजण धावतात, काखेत हात घालून बसता करतात, पाणी पाजतात आणि जीपमध्ये दुमडून घालतात. मोडलेला मणका आत हलतो आणि वाचलेला रज्जूही चेंगरतो. त्याला उठवू नका, बसवू नका, मान वळवू नका. १०८ ला फोन करा. गाडी येण्याचा संभवच नसेल, तर दाराची फळी आणा आणि मान व पाठ एका रेषेत धरून चार-पाच जणांनी मिळून सरळ फळीवर घ्या. बाज नको, ती मध्ये झोळते.

पहिल्या महायुद्धाच्या काळात पाठीला गोळी लागून पाय गेलेले बहुतेक सैनिक थोड्याच काळात दगावत. ते गोळीने मरत नसत. अंथरुणावर पडून पडून झालेल्या जखमा आणि लघवीतला दोष रक्तात भिनून मरत. १९४४ साली इंग्लंडात स्टोक मँडेव्हिल येथे लुडविग गुटमान नावाच्या डॉक्टरांनी अशा रुग्णांसाठी वेगळा विभाग सुरू केला. त्यांचा पहिला दंडक काय होता ठाऊक आहे? दर दोन तासांनी रुग्णाची कूस बदलायची. दिवसा आणि रात्रीही. एवढ्या साध्या शिस्तीने माणसे जगू लागली. मग त्यांनी त्यांना खुर्चीत बसवले, कामाला लावले, खेळायला लावले. २९ जुलै १९४८ रोजी त्या इस्पितळाच्या आवारात चाकांच्या खुर्चीतल्या रुग्णांचे सामने झाले. आजच्या पॅरालिम्पिक स्पर्धांचे मूळ तेथे आहे.

मला या गोष्टीत सर्वांत मोलाचे वाटते ते हे की, कूस बदलायला पदवी लागत नाही. ती आपल्या घरातली आई, बायको, बहीण करू शकते. ज्या भागाला कळत नाही तो भाग तक्रार करीत नाही, म्हणून आपण त्याच्या वतीने पाहायचे. माकडहाड, कुल्ले, टाचा, घोटे रोज उजेडात पाहावेत. बोट दाबून उठलेला लाल डाग जात नसेल तर त्या जागेवर भार पडू द्यायचा नाही; चोळायचेही नाही. चादरीची चुणी, खिशातली किल्ली, शिवणीची गाठ, एवढ्यानेही जखम होते. खुर्चीत बसणाऱ्याने दर पंधरावीस मिनिटांनी हातावर भार देऊन अंग उचलावे, किंवा पुढे वाकावे. आंघोळीचे पाणी आधी आपल्या कोपराने पाहा. चटका बसलेला त्याला कळणार नाही. शेकोटीपाशी बसवताना, मांडीवर गरम ताट ठेवतानाही हेच. लघवीची नळी ठरल्या वेळी, हात साबणाने धुऊन, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे घालावी. ‘सारखी लघवी नको’ म्हणून पाणी कमी पाजणाऱ्या आया मी पाहिल्या आहेत. त्या मायेनेच करतात, पण त्याने मूत्रपिंडे जातात.

आणखी एक. मानेत किंवा छातीच्या वरच्या भागात इजा असलेल्या माणसाचे एकाएकी डोके फुटायला लागले, तोंड लाल होऊन घाम सुटला, तर ‘ऊन लागले’ म्हणून आडवे करू नका. त्याला बसते करा, अंगावरचे घट्ट कपडे सैल करा आणि नळी कोठे मुडपली आहे का, तुंबली आहे का ते पाहा. रक्तदाब भयंकर चढल्याची ती खूण असते. उतार पडला नाही तर क्षणाचाही विलंब न लावता दवाखाना.

हे सारे एकट्या बाईने किती करावे? रात्री चार वेळा उठून सकाळी खुरपायला जाणारी एक आई मला आठवते. वर्षभरात मुलाच्या जखमा नव्हत्या, पण ती स्वतःच वाळून गेली होती. शेजारच्या तिघींनी दुपारच्या पाळ्या वाटून घेतल्या, तेव्हा ती दोन तास झोपू लागली. त्या तिघींनी याला समाजसेवा वगैरे म्हटले नाही. ‘तेवढंच बसायला होतं’ असे त्या म्हणत.

आता जगण्याचे. आपला सातारा-सांगलीचा मुलूख शिपायांचा. शेजारच्या सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात त्यांना अनेक गोळ्या लागल्या, एक तर कण्यातच रुतली. त्यांनी पुढे पोहण्याचा ध्यास घेतला आणि १९७२ साली जर्मनीत हायडेलबर्ग येथे ५० मीटर पोहण्यात ३७.३३ सेकंदांचा जागतिक उच्चांक करून सुवर्णपदक मिळवले. पॅरालिम्पिकमध्ये भारताचे ते पहिले सुवर्ण. पद्मश्री मिळाली ती मात्र २०१८ साली! २०२४ मध्ये त्यांच्यावर चित्रपट निघाला तेव्हा कोठे घरोघर नाव झाले. अशा जखमी जवानांसाठी पुण्याजवळ खडकी येथे १९७४ पासून पुनर्वसन केंद्र आहे. तेथे जवान खुर्चीत बसून खेळतात, आणि हात गेलेल्यांनी तोंडात कुंचला धरून चित्रे काढली आहेत.

पण सैनिकाच्या पाठीशी पलटण असते. झाडावरून पडलेल्या पोराच्या पाठीशी कोण? आणि पोरीच्या?

येथे मला कोल्हापूरच्या नसीमा हुरजूक यांचे नाव घेतले पाहिजे. सोळाव्या वर्षी त्यांचे पाय गेले. आपल्यासारखेच पाय गेलेले, तरीही स्वतः मोटार चालवणारे आणि धंदा पाहणारे एक गृहस्थ त्यांना भेटले आणि त्यांची उमेद परत आली. पुढे त्यांनी केंद्र सरकारच्या अबकारी खात्यात नोकरी केली आणि १९८४ साली ‘हेल्पर्स ऑफ द हँडिकॅप्ड’ ही संस्था उभी केली. वसतिगृह झाले, शाळा झाली, सिंधुदुर्गात काजू प्रक्रियेचे काम निघाले. ‘चाकाची खुर्ची’ हे त्यांचे आत्मकथन मंडळाच्या वाचनालयात असावे अशी माझी सूचना आहे. त्यांच्याकडून मी एक गोष्ट घेतली: खचलेल्या माणसाला उपदेश करणाऱ्या दहा धडधाकट माणसांपेक्षा, खुर्चीत बसून पोट भरणारा एकच माणूस भेटवून द्यावा.

मुलीचा प्रश्न मात्र वेगळा आहे आणि तो स्पष्ट बोलायला हवा. नवऱ्याचा कणा मोडला तर बायकोने जन्मभर सेवा करावी, यात कोणाला नवल वाटत नाही. सुनेचा मोडला की महिन्याभरात तिला माहेरी पोचवतात आणि वर्षाच्या आत दुसरे स्थळ पाहतात. मी हे एकदा नव्हे, पुष्कळदा पाहिले आहे. बैठकीला आपल्यातल्याच वडीलधाऱ्या बायका असतात, हे विशेष. अशा बाईला मूल होऊ शकते. डॉक्टरांच्या देखरेखीखाली बाळंतपणही होते. तिला स्वयंपाक करता येतो, ओटा तेवढा खाली करावा लागतो. शिवण, शिकवणी, दुकानाचा हिशेब, कशाला पाय लागतात? स्थळ पाहायला निघालेल्या गाडीत बसण्याआधी निदान एवढे तरी कोणी बोलले पाहिजे.

सरकारी बाजू थोडक्यात सांगते. २०१६ च्या कायद्याने सार्वजनिक इमारतींत अशा माणसांना जाता येईल अशी सोय करणे बंधनकारक आहे, आणि सरकारी नोकऱ्यांत ४ टक्के जागा राखीव आहेत. दिव्यांगाचे प्रमाणपत्र व ओळखपत्र काढल्याशिवाय मात्र पुढचे काहीच हलत नाही. आपल्या राज्यात ग्रामपंचायत असो की नगरपंचायत, ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. तो कोठे खर्च झाला हे विचारायला मंडळाच्या चार जणींनी जावे. एकटीला ‘उद्या या’ म्हणतात, चौघींना खुर्ची देतात, हा अनुभव आहे.

मंडळापुढे माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. एक चाकांची खुर्ची आणि एक हवेची गादी मंडळाने घेऊन ठेवावी. इस्पितळातून घरी आलेल्याला स्वतःची मिळेपर्यंत ती वापरायला द्यावी, म्हणजे पहिले काही महिने, जेव्हा जखमा होतात, तेव्हा तो उघडा पडणार नाही. ज्या घरी असा माणूस आहे तेथे दुपारच्या पाळ्या लावाव्यात. आणि हळदीकुंकवाचे, भजनाचे बोलावणे त्या घरी जाते तेव्हा ‘तिला कुठं जमणार’ असे आपणच ठरवू नये. पुसेगावच्या यात्रेला लोक म्हातारी माणसे पाठंगुळी नेतात. मग चाकांवरच्या माणसाला नेणे काय जड आहे?

राहिला आपल्या दाराचा प्रश्न. या सभागृहाला तीन पायऱ्या आहेत. काल मी मोजल्या, उंची सव्वा फूट भरली. एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो, म्हणजे आपल्याला पंधरा फूट हवेत. अंगणात सतरा फूट जागा आहे, पण तुळशीवृंदावन मध्ये येते. ते डाव्या बाजूला चार फूट सरकवावे लागेल. दाराची रुंदी ३२ इंच आहे, खुर्ची जाते. उंबरठा तेवढा काढावा लागेल. गवंड्याला मी येत्या सोमवारी बोलावले आहे. ज्यांना तुळस हलवण्याविषयी काही म्हणायचे असेल त्यांनी त्याच्या आधी चिटणीसबाईंना भेटावे.