बाळ केव्हा चालेल, केव्हा बोलेल?

भगिनींनो, बालकाचे वजन आपण नेमाने नोंदविता. परंतु त्याने मान केव्हा सावरली, हे लिहावयाचे राहून जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००६ च्या अभ्यासानुसार निरोगी बालके साधारणतः ८ ते १८ महिन्यांच्या दरम्यान आधाराविना चालू लागतात. तेव्हा शेजारणीचे मूल आधी चालले म्हणून घाबरू नये. अपुऱ्या दिवसांच्या मुलाचे वय तर प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासूनच धरावे. मात्र मूल हाकेला वळत नसेल, तर ‘याचा बापही उशिराच बोलला’ या समजुतीवर विसंबणे घातक होय. ऐकू न आल्यास भाषा शिकण्याची वर्षे वाया जातात. २०१३ साली पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक अंगणवाडीत येईल, त्या दिवशी आईस अवश्य बोलवावे. तिची शंका डॉक्टरांना तिच्याच तोंडून ऐकू द्यावी.