बेस वाजवणाऱ्याची बॅग: पैसे आधी कशावर घालायचे?

जे आज पहिल्यांदाच ऐकतायत त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मी दिवसा एका कंपनीत बॅकएंडचा कोड लिहिते आणि शनिवार-रविवार बेस गिटार वाजवते. बहुतेक पुण्यात, अधूनमधून मुंबईत. कॅफे, कॉलेजचे फेस्ट, लग्नातलं संगीत, गणपती-नवरात्रातले ऑर्केस्ट्रा, जे मिळेल ते.

तुमच्या व्हॉइस नोट्समध्ये एक प्रश्न सारखा येतो: "ताई, 40 हजार साठवलेत. कुठला अँप घेऊ?" आज त्याच प्रश्नाचं उत्तर देणार आहे. ते एका वाक्यात सांगायचं तर, अँप आत्ता घेऊच नका. का, ते पुढे सांगते. बेस हातात असलेल्या आणि महिन्याला चार-पाच कार्यक्रम करणाऱ्या किंवा करू बघणाऱ्यांसाठी हा एपिसोड आहे.

तुमचा आवाज लोकांपर्यंत जातो कसा?

आधी हे नीट समजून घेऊ. छोटा कॅफे सोडला तर बहुतेक ठिकाणी लोकांना तुमच्या अँपचा आवाज ऐकूच येत नाही. त्यांना ऐकू येतो तो साउंडवाल्याच्या मोठ्या स्पीकरचा. तुमच्या बेसची वायर मिक्सरला जाते, तिथून मोठ्या स्पीकरला. तुमच्या मागचा अँप हा फक्त तुम्हाला आणि ड्रमरला ऐकू यावं म्हणून असतो. म्हणजे ज्या वस्तूवर तुम्ही सगळे पैसे लावणार, ती श्रोत्यांपर्यंत पोचतच नाही.

पोचतो तो डीआय बॉक्स. ही वहीएवढी किंवा त्याहून लहान डबी असते. तिचं काम काय? साध्या पॅसिव्ह बेसचा सिग्नल नाजूक असतो. 20-25 मीटर साध्या केबलमधून तो मिक्सरपर्यंत नेला, तर वरच्या फ्रिक्वेन्सी वाटेतच गळतात आणि लाइटच्या वायरींची घरघर आत शिरते. डीआय बॉक्स त्याच सिग्नलच्या दोन प्रती करतो, एक सरळ आणि एक उलटी. वाटेत जो कचरा मिसळतो तो दोन्हींत सारखाच मिसळतो. मिक्सर दोन्हींची वजाबाकी करतो. कचरा कटतो, तुमचा सूर उरतो. बारावीच्या फिजिक्सचा इतका चांगला उपयोग मला इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत दुसरा सापडला नाही.

बेस पॅसिव्ह असेल तर डीआय ॲक्टिव्ह घ्या. तो मिक्सरकडून येणाऱ्या 48 व्होल्टवर चालतो, काही मॉडेल बॅटरीवरही चालतात. साउंडवाल्याकडे डीआय असतो हे खरं, पण तो किती कार्यक्रमांत आपटलाय हे तुम्हाला माहीत नसतं. स्वतःचा असला की तुमचा आवाज प्रत्येक ठिकाणी जवळजवळ सारखाच निघतो.

अँप घ्यायचाच झाला तर

घ्याल पुढे कधीतरी. तेव्हा वॅटच्या आकड्याला भुलू नका. 100 वॅटचा 200 वॅट केला की आवाज फक्त 3 डेसिबलने वाढतो, कानाला जेमतेम जाणवेल इतकाच. कानाला दुप्पट वाटायला साधारण दसपट वॅट लागतात. त्यापेक्षा स्पीकर किती आणि कसा आहे याने जास्त फरक पडतो.

दुसरं, ओहम बघा. हेडवर लिहिलेलं असतं की किमान 4 ओहम. 8 ओहमचे दोन कॅबिनेट समांतर जोडले की 4 होतात, ते चालतं. 4 ओहमचे दोन जोडले की 2 होतात, आणि हेड तापून बसतं. आणि हेडपासून कॅबिनेटपर्यंत स्पीकरचीच केबल लावा. गिटारची केबल दिसायला तशीच असते, पण आतली तार बारीक असते. तिथून तेवढा करंट नेण्यासाठी ती बनवलेलीच नसते.

आणि सेटिंगबद्दल. बेसची उघडी जाड तार, म्हणजे खालचा ई, साधारण 41 हर्ट्झचा. पाच तारी बेसचा बी साधारण 31 हर्ट्झचा. छोटे स्पीकर एवढं खाली जातच नाहीत. तरी आपल्याला सूर कळतो, कारण वरचे 82, 123 हर्ट्झचे ओव्हरटोन ऐकून मेंदू खालचा सूर स्वतः भरून घेतो. म्हणून बँडमध्ये बेस ऐकू येत नसेल तर बेसचा नॉब वाढवू नका, त्याने फक्त गढूळ होतं. मिडचा नॉब थोडा वर घ्या. घरी एकट्याने ऐकताना तो आवाज नाकातला वाटेल. ड्रम आणि कीबोर्डमध्ये तोच स्वच्छ उमटतो.

बेस हवेबरोबर बदलतो

आता देखभाल. नवीन बेस घेण्याआधी आहे त्याचा सेटअप करून घ्या. नेक लाकडाची असते आणि तारा तिला सतत ओढत असतात. आत ट्रस रॉड नावाची लोखंडी सळई त्या ताणाला तोलून धरते. मे महिन्यातली पुण्याची कोरडी हवा आणि जुलैतली मुंबईची ओली हवा यांत लाकूड वेगळं वागतं. मेमध्ये लोण्यासारखा वाजणारा बेस जुलैत खडखडायला लागतो, किंवा तारा इतक्या वर जातात की दुसऱ्या सेटला बोटं दुखतात. बेस बिघडलेला नसतो, ऋतू बदललेला असतो.

तपासायला सोपं आहे. सुरात लावलेली तार पहिल्या फ्रेटवर आणि शेवटच्या फ्रेटवर दाबा. मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी फट हवी. फट जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, अजिबात नसेल तर सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही. मग पुन्हा सुरात लावून बघायचं. जोर लागायला लागला तर थांबा आणि जाणत्या माणसाकडे न्या. वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि दिवाळीनंतर, हे करून घेतलं की बाकी फार काही लागत नाही.

तारांचं म्हणाल तर राउंडवाउंड तारा चकचकीत वाजतात, पण घाम आणि मळ त्यांच्या खाचांत बसतो आणि त्या लवकर मरतात. प्रत्येक गिगनंतर सुक्या सुती फडक्याने तारा खालून-वरून पुसा. दोन मिनिटांचं काम आहे, पण सेट कितीतरी जास्त टिकतो. फ्लॅटवाउंड तारा गुळगुळीत असतात, आवाज गोल आणि दबका, आणि त्या खूप वर्षं चालतात. मोटाउनची एवढी गाणी वाजवणारे जेम्स जेमरसन फ्लॅटवाउंडच वापरायचे. जुनी हिंदी-मराठी गाणी करणाऱ्या ऑर्केस्ट्रात तुम्ही असाल तर एकदा लावून बघा, त्या गाण्यांना हा आवाज शोभतो.

पावसात दुचाकीवरून नेता ना? बॅगेचं टोक आपल्या डोक्याच्या फूटभर वर जातं हे पार्किंगच्या शटरखाली शिरताना लक्षात ठेवा. आणि घरी आल्यावर ओली बॅग बंद ठेवून झोपू नका. बेस बाहेर काढा, बॅग पंख्याखाली उघडी टाका.

एक गेलं तर सगळं थांबतं, असं काय आहे?

आमच्या कामात नवीन सिस्टीम बनवताना पहिला प्रश्न हाच विचारतात. कुठली एक गोष्ट बंद पडली की सगळं बंद पडेल? तोच प्रश्न बेसला विचारा.

पहिलं उत्तर केबल. दोन ठेवा, तिसरी बॅगेत. केबल हातावर कोपरापासून गुंडाळू नका, आतली तार पिळून तुटते. एक वेढा सरळ, एक उलटा, असं करा. वाजवताना केबल पट्ट्यात अडकवून मग जॅकला लावा, म्हणजे कुणाचा पाय पडला तरी जॅक उपटला जाणार नाही.

दुसरं उत्तर बॅटरी. ॲक्टिव्ह बेसमध्ये 9 व्होल्टची बॅटरी असते आणि बहुतेक बेसमध्ये केबल खोचली की ती चालू होते. म्हणजे केबल तशीच ठेवून तुम्ही जेवायला गेलात, तरी बॅटरी संपत असते. ब्रेकमध्ये केबल काढा. नवीन बॅटरी घातली की तिच्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा. खिशात एक जादा.

तिसरं, ट्यूनर. मोबाइलचा ॲप घरी ठीक आहे. ढोलाच्या शेजारी तो मोबाइल ढोलाचा सूर दाखवतो. वायरीतून सिग्नल घेणारा पेडल ट्यूनर घ्या. त्याचा आणखी एक फायदा, बटण दाबलं की आवाज बंद होतो, म्हणजे दोन गाण्यांच्या मधे तुमचं टुंगटुंग लोकांना ऐकावं लागत नाही.

उरलेलं बॅगेच्या खिशात: तारांचा एक सेट, ॲलन की, छोटा स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी, टॉर्च. आणि एक साधा मल्टिमीटर. तो का, ते आता सांगते. आजचा सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच आहे.

अर्थिंग

बेसच्या तारा धातूच्या, त्या अँपच्या अर्थला जोडलेल्या. गाणाऱ्याचा माईक धातूचा, तो मिक्सरच्या अर्थला जोडलेला. दोन्ही अर्थ खरोखर जमिनीत पोचत असतील तर काही होत नाही. पण मांडवात काय असतं? एक बोर्ड जनरेटरवर, दुसरा शेजारच्या बिल्डिंगमधून खिडकीतून ओढलेला, मधे दोन पिनचं एक्स्टेंशन. अर्थ कुठेतरी तुटलेला. मग तारांवर हात आणि माईकला ओठ लागला की मधला रस्ता तुम्ही होता. कधी नुसत्या मुंग्या येतात. कधी त्याहून जास्त होतं. 1972 साली वेल्समधल्या स्वॉन्सीत, स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस्ली हार्वे स्टेजवर माईकला हात लागून शॉकने गेला. 27 वर्षांचा होता. माझ्या वयाचा.

म्हणून साउंडचेकच्या आधी मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवायचा, एक टोक बेसच्या तारेला, दुसरं माईकच्या जाळीला. आकडा शून्याच्या आसपास हवा. दोन वर्षांपूर्वी एका सोसायटीच्या कार्यक्रमात आम्हाला तिथे 90 च्या वर दिसला. आयोजक म्हणाले, "काही होत नाही हो, दरवर्षी असंच असतं." आम्ही वाजवायला नाही म्हटलं. इलेक्ट्रिशियनला बोलावलं, तुटलेला अर्थ जोडून घेतला, कार्यक्रम पाऊण तास उशिरा सुरू झाला. पहिल्या रांगेतले काका चिडले होते. चिडू देत. गाणारी आमची मैत्रीण त्या दिवशी अनवाणी उभी होती.

दोन गोष्टी पक्क्या ठेवा. एक, घरघर येते म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही तोडू नका, कुणाला तोडू देऊ नका. दोन अर्थच्या फेऱ्यामुळे घरघर येत असेल तर डीआय बॉक्सवर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं, ते दाबा. ते फक्त आवाजाच्या वायरीतला अर्थ तोडतं, तुमचं संरक्षण शाबूत राहतं. दोन, सॉकेटच्या आत स्वतः हात घालू नका. मोजणं आपलं काम, दुरुस्ती इलेक्ट्रिशियनचं. आणि संकोच सोडा. नवीन पोरं बोलत नाहीत, पुढच्या वेळी बोलावणार नाहीत म्हणून घाबरतात. बोला. नीट बोललं की लोक ऐकतात.

आणि कान

शेवटची खरेदी, आणि सगळ्यात कमी वेळा विचारली जाणारी. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेचा हिशेब असा आहे: 85 डेसिबलला दिवसाचे 8 तास चालतात, आणि दर 3 डेसिबलला वेळ निम्मा होतो. त्या हिशेबाने 100 डेसिबलला फक्त 15 मिनिटं. छोट्या खोलीत ड्रमच्या झांजांशेजारी उभं राहिलं की 100 सहज होतात, आणि आपण तिथे दोन तास असतो. बेसवाला नेहमी झांजांच्याच बाजूला. संगीतकारांसाठीचे इअरप्लग सगळ्या फ्रिक्वेन्सी जवळजवळ सारख्या कमी करतात, त्यामुळे आवाज कोंदट होत नाही. पहिले दोन गिग विचित्र वाटेल, मग सवय होते. बेस दुसरा मिळतो, कान मिळत नाहीत.

तर त्या 40 हजारांचा क्रम असा: सेटअप आणि नव्या तारा, दोन चांगल्या केबल, पेडल ट्यूनर, ॲक्टिव्ह डीआय, इअरप्लग, मल्टिमीटर. ब्रँडप्रमाणे किंमत वर-खाली होईल, पण 40 हजारांत हे सगळं बसतं आणि काही उरतंही. उरलेले बाजूला ठेवा. सहा महिने वाजवा, मग तुम्हाला स्वतःलाच कळेल की अँप हवाय, दुसरा बेस हवाय की काहीच नकोय.

तुमच्या बॅगेत काय काय असतं ते व्हॉइस नोटने कळवा. आणि या आठवड्यात गिग असेल तर एवढं एक करा, माईक आणि तारेमधला आकडा मोजा आणि मला पाठवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये. तोवर वाजवत राहा!