माहितीसाठ्यातील अधिकारांची मर्यादा

(प्रशिक्षण वर्गापुढे झालेले व्याख्यान)



तलाठ्याने फेरफाराची नोंद घ्यावी आणि मंडल अधिकाऱ्याने ती प्रमाणित करावी, ही पद्धत आपणां सर्वांस परिचित आहे. नोंद घेणारा हात आणि ती कायम करणारा हात वेगळा असावा, हा त्यामागील विचार. संगणकातील माहितीसाठ्यासही तोच विचार लागू पडतो. फरक इतकाच की, दप्तर कपाटात होते तेव्हा किल्ली कोणाच्या कमरेला आहे हे साऱ्या कचेरीला दिसत असे. संगणकात ते दिसत नाही.

माहिती तक्त्यांच्या रूपाने ठेवून त्यांचे परस्परसंबंध जोडण्याची कल्पना आय.बी.एम.मधील एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. पुढे त्याच संस्थेच्या ‘सिस्टिम आर’ या प्रकल्पासाठी ग्रिफिथ्स व वेड यांनी १९७६ साली अधिकार देण्याची आणि काढून घेण्याची रीत शोधनिबंधात वर्णिली. आजच्या ‘ग्रँट’ आणि ‘रिव्होक’ या आज्ञांमागे तीच रीत आहे. एकास दिलेला अधिकार परत घेतला, की त्याने तो ज्यांना वाटला त्यांचाही तो जावा, इतका बारकावा त्यांनी तेव्हाच पाहिला होता.

असे असूनही कनिष्ठ वापरकर्ता वरिष्ठाचे अधिकार मिळवतो, तो कसा? बहुधा कुलूप फोडून नव्हे. साहेबांच्या सहीसाठी गेलेल्या फायलींच्या गठ्ठ्यात एखादा कागद सरकवून द्यावा, तसा हा प्रकार असतो. ‘पोस्टग्रेस’ या मुक्त व जगभर वापरल्या जाणाऱ्या प्रणालीत २०१८ साली उघड झालेला दोष याचे उत्तम उदाहरण होय. त्या प्रणालीत ‘पब्लिक’ नावाचा एक सामायिक विभाग असतो. प्रवेश असलेल्या कोणालाही त्यात नवी वस्तू निर्माण करता येत असे. अक्षरे लहान लिपीत बदलणारे ‘लोअर’ नावाचे साधे कार्य प्रणालीतच असते. एखाद्याने त्याच नावाचे आपले कार्य ‘पब्लिक’मध्ये ठेवले आणि ते तक्त्यातील स्तंभाच्या प्रकाराशी अधिक नेमके जुळले, तर प्रणाली मूळ कार्य सोडून हेच निवडी. मग मुख्य प्रशासकाने सहज एखादी यादी मागवली, तरी त्या परक्या कार्यातील आज्ञा प्रशासकाच्या अधिकाराने पार पडत. त्याला पत्ताही लागत नसे!

२०२२ च्या १५ व्या आवृत्तीपासून नव्या माहितीसाठ्यांत ही सरसकट मुभा काढून टाकली आहे. तथापि जुना साठा नव्या आवृत्तीत आणला, तर त्याची जुनी मुभा तशीच राहते. ती हाताने काढावी लागते, आणि नेमके हेच राहून जाते.

दुसरी वाट मालकाच्या अधिकाराने चालणाऱ्या कार्यांची. ही सोय वस्तुतः चांगली आहे. नागरिकाने नोंदवहीला हात न लावता खिडकीवरून उतारा घ्यावा, तशी ती आहे. परंतु अशा कार्याचा मालक सर्वाधिकारी नसावा. नावे कोठे शोधावयाची तो मार्ग कार्यातच पक्का बांधलेला असावा. आणि ते चालविण्याची मुभा, जी पोस्टग्रेसमध्ये आपोआप सर्वांना मिळते, ती काढून आवश्यक तेवढ्यांनाच द्यावी.

नवे वापरकर्ते निर्माण करण्याचा अधिकारही तितकाच नाजूक. १६ व्या आवृत्तीपूर्वी तो ज्याच्याकडे असे, त्याला सर्व्हरवर कोणताही प्रोग्राम चालविण्याची भूमिका स्वतःसच बहाल करता येत असे. २०२३ साली हे बदलले. ज्या भूमिकेच्या वाटपाचा अधिकार स्पष्टपणे दिला असेल, तेवढीच आता देता येते.

कचेरीत मात्र याहून साधे प्रश्न उभे राहतात. चार जणांचा एकच परवलीचा शब्द असेल, तर वरील सारी व्यवस्था व्यर्थ होय, कारण कोणी काय केले हेच उरत नाही. बदली झालेल्या कर्मचाऱ्याचे खाते कार्यमुक्तीच्या दिवशीच बंद झाले पाहिजे. प्रणाली पुरविणाऱ्या ठेकेदारास तर आपण दोन गोष्टी लेखी विचाराव्यात: दैनंदिन कामाचा प्रोग्राम माहितीसाठ्यात कोणत्या नावाने प्रवेश करतो, आणि त्या नावाला तक्ता पुसून टाकण्याचा अधिकार आहे काय? दुसऱ्याचे उत्तर ‘होय’ आले, तर काम स्वीकारू नये.