एक माणूस, अनेक परवाने

फ्लोरिडात चक्रीवादळ येऊन गेलं, की शिडी, टेप आणि कॅमेरा घेऊन काही माणसं घरांच्या छपरांवर चढतात. किती कौलं उडाली, पाणी कुठून झिरपलं, हे तपासून ती विम्याच्या नुकसानभरपाईचा अंदाज बांधतात. त्यांना तिथे अ‍ॅडजस्टर म्हणतात. आपल्याकडे भारतात असं काम करणाऱ्या विमा सर्व्हेअरचा परवाना आयआरडीएआय ही विमा नियामक संस्था देते आणि तो देशभर चालतो. अमेरिकेत मात्र विम्याचं नियमन मुख्यतः राज्यांकडे आहे. १९४५च्या मॅकॅरन-फर्ग्युसन कायद्याने ते अधिकार राज्यांकडेच ठेवले.

म्हणजे अ‍ॅडजस्टरचा परवानाही राज्यागणिक वेगळा. मग दुसऱ्या राज्यात काम कसं करायचं? आधी स्वतःच्या राज्याचा परवाना काढायचा. तो असला, की बरीच राज्यं पुन्हा परीक्षा न घेता अर्ज आणि शुल्कावर परवाना देतात. न्यूयॉर्क मात्र स्वतःची परीक्षा घेतं. इलिनॉयसारख्या राज्यात विमा कंपनीच्या अ‍ॅडजस्टरला परवानाच लागत नाही. मग स्वतःच्या राज्याचा परवाना नसल्याने तिथले रहिवासी टेक्सास किंवा फ्लोरिडाला ‘गृहराज्य’ मानून परवाना घेऊ शकतात.

तिथे या व्यवसायात उतरणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं: वादळ आल्यावर धावपळ करण्यापेक्षा परवाने आधीच काढावेत आणि प्रत्येकाच्या नूतनीकरणाची तारीख वेगळी लिहून ठेवावी.